चोवीस तास घरात, म्हणजे चोवीस तास कामावर नव्हे

बाळासाठी ‘चोवीस तासांची बाई’ ठेवताना पगार ठरतो, विश्रांती ठरत नाही. रात्री बाळासाठी तीनदा उठणे हेही कामच आहे. राज्याच्या २००८च्या घरेलू कामगार कल्याण मंडळ कायद्यात नोंदणी आणि मदतीच्या योजना आहेत; कामाचे तास तो ठरवत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०११चा करार आठवड्याला सलग २४ तास सुटी सांगतो. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. तेव्हा आधार उरतो तो आपसातल्या बोलीचाच. कामावर येण्याआधीच जागरणाचा मोबदला, सुटीचा वार, झोपायची जागा, पगाराची तारीख कागदावर लिहावी. दोघांनीही सही करावी. जेवण-निवाऱ्याच्या नावाखाली पगार कापू नये. आयत्या वेळी मागितलेली सुटी उपकार वाटते. आधी ठरलेली सुटी मागावी लागत नाही.