थकवा म्हणजे आळस नव्हे

(द्वितीय वर्ष, कला)

उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या माण तालुक्यातील कोणत्याही डांबरी रस्त्यावर पहाटे पाचला उभे राहावे, दहापाच मुलेमुली धावताना हमखास दिसतील. कुणाला पोलीस व्हायचे असते, कुणाला सैन्यात जायचे असते, तर कुणाला महाविद्यालयाच्या संघात जागा हवी असते. एप्रिलच्या आरंभी ही संख्या मोठी असते. मे उजाडेपर्यंत ती निम्म्यावर येते. जे टिकतात त्यांचे कौतुक होते आणि जे गळतात त्यांच्याविषयी पारावर एकच निकाल दिला जातो, ‘आळशी आहेत, जिद्द नाही.’ या निकालाविरुद्ध मला चार शब्द लिहायचे आहेत.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात. त्यांपैकी २० गुण एकट्या लांब धावण्याचे. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. माझ्यासारख्या मुलींच्या घरी या वीस गुणांकडे घरात येणारा पहिला पगार म्हणून पाहिले जाते. त्यामुळे मे महिन्यात पाय उचलेनासे झाले की धाव मंदावते एवढेच होत नाही. सगळ्या घराची उमेद डळमळते.

खरे पाहता उन्हाळ्यातील थकव्यामागे शरीराचा सरळ हिशेब आहे. धावताना स्नायू जी शक्ती खर्च करतात तिचा मोठा भाग उष्णतेत जातो. ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी रक्त कातडीकडे धाडावे लागते आणि त्याच वेळी पायांनाही रक्त हवेच असते. हृदय एक आणि मागणारे दोन! शिवाय घामावाटे पाणी व मीठ जाते, रक्तातील पाणी घटते आणि हृदयाचे ठोके आणखी वाढतात. म्हणून जानेवारीत सहज जमलेली गती मे महिन्यात जड वाटते. गडी तोच, रस्ता तोच, पण काम वाढलेले असते. अशा वेळी जानेवारीचे घड्याळ समोर धरून स्वतःला दोष देणे म्हणजे चढावर बैलाला ‘सपाटीवरच्यासारखा चाल’ म्हणून चाबूक मारण्यासारखे आहे.

शरीर उन्हाला सरावते, हेही खरे. त्याला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. घाम लवकर सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जाते, रक्तातील पाण्याचा साठा वाढतो. परंतु हे दोन आठवडे अंतर व गती कमी ठेवून, शेजारच्याशी बोलता येईल इतक्या हळू धावूनच काढावे लागतात. आपल्याकडे नेमके उलटे होते. परीक्षा संपते, आणि दुसऱ्या दिवसापासून सर्वांत कडक सराव सुरू होतो. मग दहाव्या दिवशी जो थकवा येतो त्याला आळसाचे नाव मिळते.

आमच्या तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर यांचे उदाहरण जिद्दीसाठी नेहमी दिले जाते, आणि ते योग्यच आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत त्यांनी ९ मिनिटे १९.७६ सेकंद अशी वेळ देऊन तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम केला. १९८४ मधील पी. टी. उषा यांच्यानंतर धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. दोनच दिवसांनी झालेल्या अंतिम फेरीत त्यांची वेळ प्राथमिक फेरीहून सुमारे तीन सेकंदांनी जास्त होती. त्यावरून त्यांची जिद्द दोन दिवसांत आटली असे कुणी म्हणेल काय? मग गावातल्या साध्या मुलीला रोज कालच्यापेक्षा चांगली वेळ का मागावी?

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तात लोह कमी तर प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन कमी. मग दम लागणार, पाय जड होणार, कशातच मन लागणार नाही. अशा मुलीला व्याख्यान देऊन काय उपयोग? तिचे रक्त तपासून घेतले पाहिजे आणि तिच्या ताटात डाळ, उसळ, पालेभाजी, जमल्यास अंडे पडले पाहिजे.

येथे घरातून एक प्रश्न हमखास येतो. ‘तुझी आई दिवसभर उन्हात राबते, ती कधी थकते का? तुम्ही तासभर पळून थकता!’ या प्रश्नाने कोणाचीही मान खाली जाईल. पण मला वाटते, या प्रश्नातच खरी चूक दडलेली आहे. आई थकते. तिचा थकवा आजवर कुणी मोजला नाही, एवढेच. धावून आलेली मुलगी पाण्याचे हंडे भरते, शेण काढते, भाकऱ्या थापते आणि दुपारी तापलेल्या पत्र्याखाली तिला झोप लागत नाही. तिच्या भावाला धावून आल्यावर निदान बाजेवर पडता येते. विश्रांती हा सरावाचाच भाग आहे, कारण धावताना झिजलेले स्नायू झोपेत भरून निघतात. हे जर मान्य असेल, तर ही विश्रांती मुलीच्या वाट्यालाही आली पाहिजे, आणि तिच्या आईच्याही.

मग आळस नसतोच काय? असतो. मी त्याची वकिली करीत नाही. पण दोहोंतील फरक ओळखण्याची एक साधी रीत आहे. मन नसले तरी बाहेर पडावे आणि दहा मिनिटे अगदी हळू धावावे. कंटाळा असेल तर तेवढ्यात तो उतरतो. पाय तरीही ओढावे लागत असतील तर निमूट घरी फिरावे. सकाळी उठल्याबरोबर नाडीचे ठोके मोजून वहीत लिहावेत. ते तीन-चार दिवस नेहमीपेक्षा जास्त भरले तर शरीर विसावा मागते आहे असे समजावे. हुरूप आधी येईल आणि मग आपण धावू, अशी वाट पाहू नये. पुष्कळदा धावू लागल्यावरच तो येतो. आणि सोबत असावी. मैत्रीण कोपऱ्यावर उभी असेल तर अंथरूण आपोआप सुटते.

थकव्याची खूण न जुमानण्याची किंमत फार मोठी असू शकते. २०२४ मध्ये झारखंडात उत्पादन शुल्क शिपाई भरतीच्या धावण्याच्या चाचण्यांदरम्यान दहाहून अधिक उमेदवार दगावले. त्यांच्यापाशी जिद्द नव्हती असे म्हणण्याचे धाडस कोण करील? धावताना एखाद्याचा तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले, तर त्याला ‘अजून थोडेच राहिले’ असे ओरडून सांगू नये. त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि विनाविलंब दवाखान्यात पोहोचवावे.

महाविद्यालयांनी यात पुष्कळ करता येण्यासारखे आहे. सुटीत मैदानाचे फाटक पहाटे पाचला उघडावे. पाण्याचा एक माठ भरून ठेवावा. धावणाऱ्या मुलींची वर्षातून एकदा रक्ततपासणी करावी. आठवड्यातून एक दिवस सक्तीची विश्रांती सरावाच्या वेळापत्रकातच लिहावी. यांपैकी कोणत्याही गोष्टीला मोठा निधी लागत नाही.

मित्रमैत्रिणींनो, पुढच्या मे महिन्यात आपल्यातील कुणी रस्त्यावर दिसेनासे झाले, तर त्याला नावे ठेवण्याआधी त्याच्या घरी जा. नीट झोपतोस का, काय खातोस, घरी कामाचा बोजा किती आहे, हे विचारा. त्यातील निम्मे तरी परत येतील, अशी माझी खात्री आहे.