आधी श्रेयनामावली, मग सामना

‘सैराट’ची सुरुवात क्रिकेटच्या सामन्यानं होते. गावचं मैदान, ‘बिटरगाव प्रीमियर लीग’ असं भारदस्त नाव, माईक हातात आल्यावर सुटलेला समालोचक आणि बक्षीस वाटायला आलेले पुढारी. प्रेक्षक हसत असतो. पुढच्या जवळपास तीन तासांची सगळी मांडणी इथंच होऊन गेली आहे, हे त्याच्या लक्षातही येत नाही. गावात शब्द कुणाचा चालतो, खेळणारी पोरं कोण आणि बक्षीस देणारे कोण, घराची अब्रू बाईच्या वागण्यावरून कशी मोजली जाते, हे सगळं त्या समालोचनात आणि भाषणात विरोधकाच्या घरातल्या स्त्रीवरून मारलेल्या टोमण्यात येऊन जातं. तो सामना कोण जिंकलं हे आज किती जणांना आठवत असेल, शंकाच आहे. दिग्दर्शकानं खेळ वापरला तो गाव ओळखीचं करून देण्यासाठी. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी २०१६ मध्ये हे केलं आणि सोलापूर जिल्ह्यातल्या कॅमेरा हाती घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक पोरापोरीला एक धडा आयता मिळाला. तो धडा घेतला गेला का? ‘सैराट’मधून बहुतेकांनी उचलली ती गाणी, बुलेट आणि प्रेमकथा. सुरुवात तशीच राहिली.

महाविद्यालयातल्या मुलांनी खेळावरचा चित्रपट करायचा म्हटलं की नियोजन बहुधा शेवटापासून सुरू होतं. अंतिम सामना, शेवटचा क्षण, संथगतीत उडणारी धूळ, रडणारा प्रशिक्षक. वेळ आणि पैसा त्या सामन्यावर खर्च होतो, कथा त्याच्या मागे फरफटत जाते, आणि प्रकल्प सादर करायच्या आदल्या रात्री कुणाला तरी आठवण होते की, अरे, टायटल राहिलंच. मग इंटरनेटवरून एक तयार नमुना उतरवला जातो. काळ्या पडद्यावर सोनेरी अक्षरं येतात, ठिणग्या उडतात, मागे ढोल वाजतो. कबड्डी असो, कुस्ती असो की बुद्धिबळ, ठिणग्या त्याच. माझं म्हणणं असं की ही उतरंडच उलटी करायला हवी. विद्यार्थ्यांनी खेळपटाचा आराखडा श्रेयनामावलीपासून मांडावा, पटकथेच्या पहिल्या खर्ड्यासोबतच ती कागदावर असावी आणि शक्य तर तिचंच चित्रीकरण सर्वांत आधी करावं. यामागे सौंदर्यदृष्टीचं कारण आहे, पण त्याहून मोठी कारणं व्यवहाराची आहेत.

खेळपटाची एक अडचण इतर चित्रपटांना नसते. प्रेक्षकाला खेळ कळला नाही तर त्याला ताण कळत नाही. ‘लगान’ला २००१ मध्ये ही अडचण वेगळ्या रूपात आली होती. प्रेक्षकाला क्रिकेट पाठ होतं, पण पडद्यावरच्या गावाला ते शिकायचं होतं, म्हणून आशुतोष गोवारीकरांनी भुवनच्या तोंडून त्याची तुलना गिल्लीदांडूशी करवली आणि नियम कथेतच विरघळवले. ‘चक दे! इंडिया’नं २००७ मध्ये अंतिम सामन्यातला हुकलेला पेनल्टी स्ट्रोक सुरुवातीलाच दाखवला. हॉकीचे बाकीचे नियम माहीत नसले तरी तेवढ्यावरून नायकाच्या डोक्यावरचं ओझं समजतं. ‘दंगल’च्या श्रेयनामावलीत आखाड्यातली माती आणि घुमणारे पैलवान दिसतात. गोष्ट पुढे सरकण्याआधी कुस्तीचा घाम प्रेक्षकाच्या अंगाला लागलेला असतो. या तिघांकडे पैसा होता, तारे होते. विद्यार्थ्यांकडे दोन्ही नसतं, आणि पंधरा-वीस मिनिटांच्या चित्रपटात नियम समजावणारा संवाद टाकला तर तो वर्गातल्या फळ्यासारखा वाटतो. हे काम गुपचूप उरकून घेणारी जागा एकच, ती म्हणजे सुरुवातीचं ते एक-दीड मिनिट.

आता खेळ कोणता? सोलापूर जिल्ह्यात बसून हा प्रश्न पडावा याचंच आश्चर्य वाटतं. माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरनं भारतीय खो-खो संघाला रामजी कश्यपसारखा खेळाडू दिला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. या खेळाची पहिली नियमावली १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं केली. म्हणजे खेळ आपला, नियम आपण लिहिलेले, विजेतेही आपलेच. मराठी पडद्यावर मात्र ‘सूर सपाटा’त शाळकरी पोरांची कबड्डी आली, ‘केसरी’त कुस्ती आली, आणि खो-खो अजून बाहेरच बसलेला आहे.

खरं तर बसणं हाच या खेळातला सगळ्यात नाट्यमय भाग आहे. आठ जण मधल्या पाटीवर चौरसांत बसतात, एकाचं तोंड या बाजूला तर शेजारच्याचं त्या बाजूला. नववा पळतो. तो मधली पाटी ओलांडू शकत नाही, एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत सोडू शकत नाही. समोरच्या संघाच्या पळणाऱ्या तिघांना मात्र सगळं मैदान मोकळं, ते बसलेल्यांच्या मधून सापासारखे वळत जातात. बसलेला उठतो तो दुसऱ्यानं पाठीवर हात ठेवून ‘खो’ म्हटल्यावरच, आणि तो हात कधी येणार हे त्याला दिसत नाही, कारण तो मागून येतो. कॅमेरा अशा बसलेल्या मुलीच्या चेहऱ्यासमोर धरा. डोळे समोरच्या रिकाम्या अर्ध्या मैदानावर, कान पाठीमागच्या पावलांवर, बोटं मातीत रुतलेली. क्रिकेटमध्ये हा क्षण शोधावा लागतो; इथे दर पाच-सात सेकंदांनी तो फुकट मिळतो. मुलींच्या शिक्षणाची, लग्नाची, घरातून मिळणाऱ्या परवानगीची गोष्ट सांगणाऱ्याला याहून नेमकी रचना पटकथेच्या पुस्तकात सापडणार नाही. तिचं उठणंही दुसऱ्याच्या शब्दावर अवलंबून आहे, हे संवादात म्हणायची गरजच उरत नाही.

पण हे सगळं प्रेक्षकाला समजायला हवं. शाळेत खो-खो खेळलेल्या माणसालाही दिशेचा नियम आज नीट सांगता येईल याची खात्री नाही. त्यात २०२२ मध्ये सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगनं ‘वजीर’ आणला, जो कुठल्याही दिशेला पळू शकतो. टीव्हीवर पाहिलेला खो-खो आणि शाळेच्या मैदानावरचा खो-खो आता एक राहिलेला नाही. तेव्हा चित्रपट कोणत्या खो-खोचा आहे हे आधी सांगावं लागेल, आणि ते सांगायला सकाळी मैदान आखणारा माणूस पुरेसा आहे. त्याच्या हातात दोरी आणि फक्कीची पाटी. सत्तावीस मीटर लांब, सोळा मीटर रुंद. दोन टोकांना दोन खांब, मधे पाटी, पाटीवर आठ चौरस. पांढरी रेघ जसजशी पुढे सरकते तसतसा प्रेक्षक खेळाचा नकाशा शिकत जातो आणि त्याला आपण शिकतोय असं वाटतही नाही. आठ चौरसांत फक्कीनंच आठ नावं लिहा: दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी. मग खेळाडू येऊन त्या नावांवर बसतात, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. शिट्टी होते, पहिला खो पडतो, आणि पावलांखाली अक्षरं पुसायला लागतात. मैदान तयार, नियम अर्धे कळलेले, नावं वाचून झालेली, आणि खर्च एका गोणी फक्कीचा. सोनेरी ठिणग्यांपेक्षा हे स्वस्त आहे आणि ते सोलापूरच्या मातीवर घडतं, संगणकाच्या काळ्या पडद्यावर नाही.

नियोजनाचं दुसरं गणित गर्दीचं. विद्यार्थ्यांच्या चित्रपटात सामना खोटा दिसतो तो खेळामुळे नाही, रिकाम्या कडेमुळे. चार मित्र टाळ्या वाजवतात आणि ध्वनिपट्टीवर हजारोंचा आरडाओरडा, हे बेमालूम जमत नाही. उलट शालेय स्पर्धांचा हंगाम आला की खरी गर्दी, खरे संघ, झाडाखाली रचलेल्या पिशव्या, गुडघ्याला पट्टी बांधणारी पोरं, गुणलेखकाचं टेबल हे सगळं आयतं समोर असतं. संयोजकांची आणि शाळेची परवानगी घेऊन, मुलांच्या पालकांना विचारून, एक सकाळ तिथं काढली तर श्रेयनामावलीपुरता ऐवज मिळतो, आणि त्याच ऐवजातून चित्रपटाला मोठ्या स्पर्धेचा आकार येतो. प्रेक्षकानं ती गर्दी एकदा पाहिली की पुढचा काल्पनिक सामना दहा-बारा खेळाडूंवर, जवळून घेतलेल्या दृश्यांत निभावतो. सामना आधी करून टायटल नंतर करणाऱ्याला ही सोय नाही, कारण तोवर हंगाम संपलेला असतो. राहिला एप्रिल-मे, आणि पारा चाळीशीपार गेलेल्या मैदानावर कुणाला पंधरा वेळा सूर मारायला लावणं म्हणजे चित्रपट नव्हे, छळ.

आवाजाचंही तसंच. गाजलेलं गाणं उचलून लावलं की हक्कांचा प्रश्न येतो आणि चित्रपट महोत्सवाच्या दारात अडतो. गोष्ट शहराच्या पूर्व भागात घडत असेल तर यंत्रमागाची खडखड तिथं आहेच, आणि घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात कन्नड आणि दखनी असा कानाला सवयीचा गलकाही. गोष्ट माळशिरसकडची असेल तर उसाच्या ट्रॉल्या आहेत. यांतलं जे खरं असेल तेच घ्यावं. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, चादर आणि चार हुतात्मा पुतळा एकामागून एक दाखवून ‘आमचं सोलापूर’ सांगायचा मोह मात्र टाळलेला बरा. ते पर्यटन खात्याचं काम आहे.

यावर आक्षेप येणार. पहिला: श्रेयनामावली आता बघतं कोण? ओटीटीवर ती वगळायचं बटणच दिलेलं असतं. बरोबर, पण ते बटण मालिकांसाठी आलं. तीच नावं, तेच संगीत दहा भागांत दहादा ऐकून माणूस कंटाळतो. लघुपट एकदाच पाहिला जातो, आणि परीक्षक असो की प्रेक्षक, बघायचं की सोडायचं याचा निर्णय पहिल्या मिनिटातच घेतो. जी श्रेयनामावली वगळली तरी काही बिघडत नाही ती वगळण्याच्याच लायकीची असते. वर सांगितलेली वगळली तर खेळच कळणार नाही. दुसरा आक्षेप वेळेचा: पंधरा मिनिटांत दीड मिनिट नावांना का द्यायचं? ते नावांना दिलेलं नाहीच. तेवढ्यात कथेचा पहिला प्रसंग उरकतो, नावं त्याच्या अंगावरून जातात.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मंजुळे यांनीसुद्धा सुरुवातीला क्रिकेटच घेतलं, मग तुम्ही खो-खोचा हट्ट का धरता? क्रिकेट सगळ्यांना कळतं, चालतं. यातला पूर्वार्ध खरा आहे. पण ‘सैराट’मधलं क्रिकेट आयपीएलच्या थाटाची नक्कल म्हणून येतं आणि त्या नकलेत गाव उघडं पडतं, तिथं क्रिकेटच हवं होतं. आणि २०२२ मध्ये आलेल्या ‘झुंड’मध्ये त्याच दिग्दर्शकानं फुटबॉल घेतला, कारण गोष्ट नागपूरच्या झोपडपट्टीतल्या मुलांची, विजय बारसे यांच्या कामावरून घेतलेली होती, आणि महाविद्यालयाचं मैदान आणि वस्ती यांच्यामधली भिंत ही तिची खरी रेघ होती. खेळ गोष्टीतून निवडला गेला. सोलापूरच्या विद्यार्थ्यांनी कुस्ती घेतली तरी माझी तक्रार नाही. गोष्ट आखाड्याची असेल तर श्रेयनामावलीत माती चाळणारा, त्यात तेल-ताक कालवणारा माणूस दिसू द्या. तक्रार आहे ती कोणत्याही खेळाला चालणाऱ्या सुरुवातीबद्दल.

शेवटचा आक्षेप कथावाल्यांचा: आधी गोष्ट पक्की होऊ दे, सजावट मागाहून बघू. श्रेयनामावलीला सजावट मानलं की हे बरोबरच आहे. मंजुळे यांच्याच ‘फँड्री’च्या सुरुवातीला जब्या गलोल घेऊन काळ्या चिमणीच्या मागे असतो. ती सजावट होती का? त्या शिकारीत पोराचा ध्यास आहे, हातातला दगड आहे, आणि तो दगड चित्रपटाच्या अखेरीला कुठं जातो हे पाहिलेल्यांना माहीत आहे. सुरुवात नंतर चिकटवली असती तर शेवट असा लागला नसता. याच मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ हा लघुपट अहमदनगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात शिकत असताना, विद्यार्थी म्हणून केलेला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हा ‘आम्ही तर विद्यार्थी, आमचं एवढंच’ ही सबब या जिल्ह्यात तरी चालायला नको.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचं कार्यक्षेत्र एकाच जिल्ह्याचं आहे. तिथं जनसंज्ञापन शिकणारी मुलं आहेत आणि तासा-दोन तासांच्या अंतरावर वेळापूर आहे, अकलूज आहे, शहरातच पार्क मैदान आहे. शिक्षकांनी एवढंच करावं: खेळावरचा लघुपट करायला सांगताना कथासारांशासोबत श्रेयनामावलीचा आराखडाही मागावा, आणि तो नसेल तर चित्रीकरणाला परवानगी देऊ नये. शाळांनी आणि क्रीडा मंडळांनी सामन्याच्या दिवशी या मुलांना मैदानावर येऊ द्यावं. आणि मुलांनो, उद्घाटनाचा नारळ फुटेल तेव्हा पोचाल तर उशीर झालेला असेल. मैदान त्याच्या कितीतरी आधी, उजाडताना आखलं जातं. त्या वेळी कॅमेरा घेऊन हजर राहा, आणि फक्की मारणाऱ्याचं नाव विचारून तेही श्रेयनामावलीत घाला.