पदवी टपालानें घ्यावी काय?

आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीनें दोन वर्षांपूर्वीं मला एक साधा प्रश्न विचारला आणि मीं तिला चुकीचें उत्तर दिलें. ती चूक कबूल करावी, आणि ज्या वार्षिकांत तिचा पहिला निबंध छापला गेला त्याच वार्षिकांत कबूल करावी, एवढ्यासाठींच हा लेख लिहीत आहें. तिचें नांव येथें देत नाहीं. जिला ओळख पटावयाची तिला पटेल.

मुलगी एम्. ए. उत्तीर्ण झाली होती. वडील गवंडीकाम करणारे, आई चार घरचीं धुणींभांडीं करणारी. शाळेची शेवटची इयत्ता ओलांडून पुढें गेलेलें असें त्या घरांत तिच्याआधीं कोणी नव्हतें. विद्यापीठाकडून तिला कळविण्यांत आलें होतें कीं, पदवीदान समारंभास हजर राहावयाचें असल्यास अमुक तारखेपर्यंत अर्ज करावा व अमुक शुल्क भरावें. हजर न राहिल्यास प्रमाणपत्र टपालानें धाडण्यांत येईल. समारंभास जावयाचें म्हणजे झग्याचें भाडें, त्याची अनामत रक्कम, तिघांचें गाडीभाडें, आणि शिवाय आईबापांचा दोन दिवसांचा रोज बुडावयाचा. "सर, जाऊं कीं नको?" असें तिनें विचारलें. मी म्हणालों, "अग, पदवी परीक्षेनें मिळते, झग्यानें नव्हे. ते पैसे वांचव आणि चार पुस्तकें घे." तिनें मान डोलावली व ती निघून गेली.

त्या वेळीं आपण फार शहाणपणाचें बोललों असें मला वाटलें. माझा स्वतःचा अनुभवही तसाच होता. माझी बी. ए. ची पदवी पावसाळ्यांत एका तपकिरी लखोट्यांतून आली. लखोट्याचा एक कोपरा भिजलेला होता, आणि पोस्टमननें सही घेऊन तो ज्या हातानें दिला त्याच हातानें शेजारच्या दुकानदारास विजेचें बिल दिलें. आईनें तें प्रमाणपत्र घरांतील मोठ्या पवित्र शास्त्राच्या पानांत ठेविलें; कांहीं भक्तिभावानें नव्हे, तर कागद सरळ राहील अशी घरांत तेवढी एकच जागा होती म्हणून. मग ती म्हणाली, "एवढेंच?" या प्रश्नाचें उत्तर मीं तिला कधीं दिलें नाहीं.

गेल्या वर्षीं नववीच्या मुलींपुढें बोलावयाचें म्हणून मीं कॉर्नेलिया सोराबजी यांचें चरित्र पुन्हा चाळलें, आणि माझ्या शहाणपणास तेथें पहिली ठेंच लागली. या बाई आपल्या नाशिकच्या. जन्म १८६६ चा. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे पारशी धर्मांतून ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना यांनीं पुण्यांत व्हिक्टोरिया हायस्कूल काढलें. कॉर्नेलियाबाई डेक्कन कॉलेजांत शिकल्या व मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. त्यांच्या गुणांवर विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ति त्यांना मिळावयास हवी होती. परंतु ती पुरुषांसाठीं आहे असें सांगून नाकारण्यांत आली. पुढें कांहीं इंग्रज हितचिंतकांनीं पैसे जमविले, तेव्हां १८८९ सालीं त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल येथें दाखल झाल्या. १८९२ सालीं विद्यापीठानें खास ठराव करून त्यांना बी. सी. एल. या कायद्याच्या परीक्षेस पुरुष विद्यार्थ्यांबरोबर बसूं दिलें. (नांवांत बॅचलर हा शब्द असला तरी ऑक्सफर्ड येथें ही पदवी वरच्या दर्जाची, आपल्याकडील पदव्युत्तर परीक्षेसारखी समजली जाते.) बाई परीक्षा उतरल्या. परंतु पदवी मात्र त्यांना मिळाली नाहीं, कारण त्या विद्यापीठांत स्त्रियांना पदवी देण्याचा नियमच नव्हता.

ती मिळावयास १९२२ साल उजाडावें लागलें. मध्यें तीस वर्षें गेलीं. परीक्षा दिली तेव्हां पंचविशींत असलेली स्त्री छप्पन्नाव्या वर्षाच्या आसपास पुन्हां ऑक्सफर्ड येथें जाते व आपली पदवी घेते! त्या तीस वर्षांत हिंदुस्थानांतील पडदानशीन विधवांच्या व अज्ञान वारसांच्या मिळकतींसाठीं त्यांनीं आयुष्य वेंचलें होतें. ज्ञान त्यांच्यापाशीं होतें, परीक्षा पदरांत होती. "पदवी परीक्षेनें मिळते, झग्यानें नव्हे," हें माझें वाक्य त्यांना ऐकवून पाहण्याची माझी छाती नाहीं.

हें एकट्या त्यांच्याच वांट्यास आलें असेंही नव्हे. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथें शेकडों स्त्रिया पुरुषांचेच प्रश्न सोडवीत, पुष्कळदां त्यांच्याहून अधिक गुण मिळवीत, आणि पदवीवांचून घरीं परतत. १९०४ सालीं आयर्लंडांतील डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजानें स्त्रियांना दारें उघडलीं. त्या दोन विद्यापीठांच्या उत्तीर्णांना आपली पदवी देण्याचा जुना रिवाज तेथें होता. तोच आतां स्त्रियांनाही लागू पडला. झालें! १९०४ ते १९०७ या अवघ्या तीन वर्षांत सातशेंहून अधिक स्त्रिया आगबोटीनें समुद्र ओलांडून डब्लिनला गेल्या, झगा अंगावर घातला, पदवी घेतली, आणि परतल्या. लोक त्यांना 'आगबोटीच्या बाया' म्हणूं लागले. यांतल्या अनेक जणी शाळांतून शिक्षिका होत्या. बोटीचें भाडें, मुक्कामाचा खर्च आणि पदवीचें शुल्क त्यांनीं आपल्या तुटपुंज्या पगारांतूनच भरलें असणार. एका दिवसाच्या समारंभासाठीं! त्यांना पुस्तकें घेण्याचा सल्ला देणारा कोणी मास्तर भेटला नसेल असें नाहीं. भेटला असल्यास त्यांनीं त्याचें ऐकलें नाहीं, ही देवाची कृपा.

विरुद्ध पक्षालाही समारंभाची किंमत पक्की ठाऊक होती. १८९७ सालीं केंब्रिज येथें स्त्रियांना पदवी द्यावी काय यावर मतें घेतलीं गेलीं, तेव्हां सेनेट हाउससमोरच्या खिडकींतून सायकलवर बसलेल्या बाईचें सोंग करून टांगण्यांत आलें होतें. ठराव पडला. ऑक्सफर्डनें १९२० च्या ऑक्टोबरांत स्त्रियांना पदव्या दिल्या. केंब्रिजनें पूर्ण हक्क देण्यास १९४८ साल गांठलें, म्हणजे आपला देश स्वतंत्र झाल्यानंतर! समारंभ जर नुसता देखावा असता, तर तो देखावा अडवून धरण्यासाठीं विद्वान् पुरुषांनीं एवढी शक्ति खर्च केली असती काय? शिकवणें द्यावयास ते तयार होते, परीक्षा घ्यावयास तयार होते. चारचौघांत नांव पुकारून "ही आमच्यांतली" असें म्हणावयास मात्र तयार नव्हते.

आतां पदवी म्हणजे मुळांत काय, हेंही पाहण्यासारखें आहे. डॉक्टर हा शब्द लॅटिन भाषेंतील शिकविणें या अर्थाच्या क्रियापदापासून आला. मध्ययुगांतील युरोपांत मास्टर किंवा डॉक्टर होणें म्हणजे शिकविण्याचा परवाना मिळणें व शिकविणाऱ्यांच्या मंडळांत प्रवेश होणें. ज्या शब्दानें पोरें आम्हांस 'मास्तर' म्हणून हांक मारतात (आणि पाठीमागें त्याला जीं विशेषणें जोडतात तीं सोडून देऊं) तोच शब्द एम्. ए. या अक्षरांत बसला आहे. तो झगा व पाठीवरचें तें हूड त्या काळच्या धर्मगुरूंच्या नित्याच्या पोशाखांतून आलें. थंड दगडी इमारतींत अंग व डोकें झांकण्याची ती सोय होती. ऑक्सफर्डच्या शेल्डोनियन सभागृहांत आजही उमेदवार पदवी मिळाल्यावर बाहेर जातात, नवा झगा व हूड घालून पुन्हां आंत येतात, आणि सभा टाळ्या वाजविते. तेथेंच आणखी एक मौज आहे. पदवी देण्यापूर्वीं प्रॉक्टर नांवाचे अधिकारी सभागृहांत येरझारा घालतात. परंपरा अशी सांगते कीं, एखाद्या उमेदवारानें दुकानदाराची उधारी बुडविली असेल तर त्या दुकानदारानें पुढें येऊन प्रॉक्टरच्या झग्यास हिसका द्यावा, म्हणजे पदवी थांबेल. आमच्या गांवांतील वाण्यांना ही गोष्ट मीं अद्याप सांगितलेली नाहीं. परंतु तींत एक अर्थ आहे: गांवाचा या माणसाविरुद्ध कांहीं आक्षेप नाहीं ना, हें उघड विचारल्यावांचून विद्वत्तेवर शिक्का मारावयाचा नाहीं. टपालाच्या लखोट्याला असें कांहीं विचारतां येत नाहीं.

झग्याविषयीं वाद पुष्कळ झाला आहे. २०१० सालीं भोपाळच्या एका पदवीदान समारंभांत केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनीं भर व्यासपीठावर अंगावरचा झगा उतरवून ठेविला व ही वसाहतकाळांतील रीत टाकावी असें सांगितलें. त्यानंतर अनेक विद्यापीठांनीं झग्याऐवजीं हातमागाचें उपरणें स्वीकारलें. माझी त्यास कांहींएक हरकत नाहीं. आमच्या उन्हाळ्यांत तो काळा झगा म्हणजे एक शिक्षाच, आणि उपरणें स्वस्तही पडतें. वस्त्र कोणतें असावें हा प्रश्न वेगळा. तें सर्वांदेखत अंगावर पडावें कीं पडूं नये, हा माझा प्रश्न आहे. भाषणें लांबतात, पाहुणे उशिरां येतात, हेंही खरें. आणि आतां तर पदव्या डिजिलॉकरमध्यें ठेवितां येतात, म्हणजे पोस्टमनचीही गरज उरली नाहीं. नोकरी देणाऱ्यास खातरजमा करण्यासाठीं ती सोय उत्तमच आहे. परंतु आईला "एवढेंच?" असें विचारावयास तेथें कागदसुद्धां हातीं लागत नाहीं.

साक्षीदार कशाला लागतात, याचें उत्तर मला फिलाडेल्फिया येथें १८८६ च्या ११ मार्चला झालेल्या एका समारंभांत सांपडतें. त्या दिवशीं आनंदीबाई जोशी यांना तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयानें एम्. डी. ही पदवी दिली. पंडिता रमाबाई त्या वेळीं इंग्लंडांत होत्या. आनंदीबाई त्यांच्या नात्यांतल्या. त्या समारंभासाठीं रमाबाई अटलांटिक महासागर ओलांडून फिलाडेल्फियास गेल्या. एक हिंदु विवाहिता आणि एक नुकतीच ख्रिस्ती झालेली विधवा, धर्माच्या नांवानें दोघींवर आपापल्या परीनें टीकेचा भडिमार झालेला, आणि तरी एकीच्या नांवाचा पुकारा ऐकावयास दुसरी हजर! पुढें वर्ष पुरें होण्याआधींच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, आनंदीबाई पुण्यास क्षयानें वारल्या. वयाचीं बावीस वर्षेंही भरलीं नव्हतीं. त्या पदवीचा व्यवसाय त्यांना करतांच आला नाहीं. हिशेबी माणूस म्हणेल, मग त्या समारंभाचा उपयोग काय? मला वाटतें, त्यांच्या कष्टांचें जें कांहीं प्रत्यक्ष फळ त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें तें त्या एका दिवसाचें होतें. तोही दिवस कोणी टपालानें धाडला असता तर?

दुसरी बाजू मला ठाऊक आहे, आणि ती पैशाची आहे. समारंभ ज्यांना सर्वांत अधिक हवा त्यांनाच तो परवडत नाहीं. डॉक्टराच्या मुलास पदवी मिळाली नाहीं तर नवल. त्याच्या घरीं भिंतीवर तशा चार चौकटी आधींच टांगलेल्या असतात. गवंड्याच्या घरीं पहिली चौकट टांगावयाची, आणि त्यालाच आम्ही रोजगाराचा हिशेब सांगतों! मुंबई विद्यापीठाची पहिली बी. ए. ची तुकडी १८६२ ची: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे, वामन आबाजी मोडक. अवघे चौघे. आज ज्या भव्य सभागृहाचें आपण कौतुक करितों तें तर १८७४ सालीं पुरें झालें. म्हणजे समारंभाला दगडी कमानी व रंगीत कांचाच लागतात असें नाहीं. जिल्ह्याच्या महाविद्यालयाच्या पटांगणांत, मांडव घालून, उपरणें देऊन, बिनशुल्क तो करितां येईल. आणि आईबाप बसतील अशा ठिकाणीं तो व्हावा यासाठीं विद्यापीठांनीं थोडें चालावें. तें होईपर्यंत आमच्या माजी विद्यार्थी मंडळानें दरवर्षीं दोनतीन मुलांच्या झग्याचें भाडें व गाडीभाडें उचलण्यास काय हरकत आहे? बक्षीससमारंभाच्या हारतुऱ्यांवर आपण जें खर्चितों त्याच्या अर्ध्यांत तें होईल. शिक्षकांच्या सभेंत मीं ही सूचना मांडली आहे. चिटणीसांनीं ती लिहून घेतली, पुढें पाहूं.

त्या मुलीची गांठ मागील नाताळांत पडली. ती आतां एका शाळेंत शिकविते. मीं तिला विचारलें, प्रमाणपत्र आलें काय? "आलें ना, सर. बाबा कामावर होते. संध्याकाळीं आल्यावर त्यांनीं हात दोनदां धुतले आणि मग हातांत घेतलें." यावर मला कांहीं बोलतां आलें नाहीं. मग कॉर्नेलियाबाईंची हकीकत मीं तिला सांगितली, आणि माझा सल्ला चुकला होता हेंही सांगितलें. ती हंसली. म्हणाली, "सर, धाकटी यंदा एम्. ए. च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला आम्ही पाठवणार आहोंत. बाबांनीं आतांपासून पैसे बाजूला ठेवायला घेतलेत."

मीं विचारलें, मला येतां येईल काय? तिनें चौकशी करून कळविलें आहे कीं, प्रत्येक उमेदवारामागें दोनच प्रवेशपत्रिका मिळतात. त्या आईबापांच्या. ती स्वतः आणि मी फाटकाबाहेर उभे राहूं.