पंचहौदचा चहा आणि प्रभुभोजन

‘कम्युनियन म्हणजे तुमचा प्रसाद का रे?’ असं वर्गातले मित्र विचारतात. तेव्हा मला पुण्याचा चहा आठवतो. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे वगैरे मंडळी व्याख्यानाला गेली होती. तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. मग हजर असलेल्यांची नावं छापून आली, पुण्यात ग्रामण्य माजलं, आणि टिळक-रानड्यांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कपापायी!

प्रभुभोजन ही येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण आहे, हे खरंच. पण नुसती आठवण घरी एकट्यालाही काढता येते. इथे एकच भाकर मोडून सगळ्यांनी खायची असते. जिथे रोटीव्यवहारावरून माणूस वाळीत पडायचा, तिथे शेजारी कोण आहे हे न विचारता त्याच प्याल्याला ओठ लावणं सोपं नव्हतं. (वारकऱ्यांचा काला ज्यांनी खाल्लाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.)

करिंथच्या मंडळीला पौलाने झापलं ते यावरूनच. तिथे काही जण आधीच पोटभर खात-पीत, आणि गरीब उपाशी राहत. आपल्याकडे एवढं उघड काही होत नाही. पण रविवारी एका भाकरीतलं खाऊन सोमवारी स्थळ बघताना ‘मूळचे कोण?’ विचारणारे ख्रिस्ती आहेतच. त्यांनी रविवारी नक्की काय खाल्लं, हे मला तरी कळत नाही.