अनुभवाचा दाखला : आप्तवाक्य की शिष्टाचार?

आपल्या चिकित्सालयातून वा औषधी निर्माणशाळेतून एखादा सहकारी अन्यत्र जाऊ लागला की अनुभवाच्या दाखल्याचा विषय निघतो. जाणारा घाईत असतो, आपण रुग्णांत गुंतलेले असतो. मग 'सचोटीचा, कष्टाळू, सर्व कामांत निष्णात' असा ठरीव मजकूर लेटरहेडवर टंकून सही-शिक्का केला जातो. आम्हीही वर्षानुवर्षे हेच केले.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका साहाय्यकास असाच दाखला दिला. मनुष्य लाघवी, रुग्णांशी आर्जवाने बोलणारा. परंतु बरण्यांना लेबल लावण्याचा त्यास मनस्वी कंटाळा. शोधित व अशोधित वत्सनाभ एकाच फळीवर नावावाचून ठेवल्याबद्दल आम्ही त्यास दोनदा खडसावले होते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये ज्याची गणना विषद्रव्यांत आहे, ते हे द्रव्य! तरीही दाखल्यात आम्ही 'औषधी निर्माणात कुशल' असे लिहिले. तीन महिन्यांनी त्यास नोकरीवर ठेवणाऱ्या वैद्यमित्रांचा दूरध्वनी आला. तेथेही तोच प्रकार. वेळीच लक्षात आले म्हणून निभावले. "आपली सही पाहून आम्ही काही विचारलेच नाही," एवढेच ते म्हणाले. आम्हांस उत्तर सुचले नाही.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानात परिचारकाचे चार गुण सांगितले आहेत : उपचारज्ञता, दाक्ष्य, स्वामीविषयी अनुराग आणि शौच. आमच्या दाखल्यातील अनुराग खरा होता. दाक्ष्य आम्ही पदरचे घातले होते. विचारणाऱ्याच्या दृष्टीने आपला शब्द म्हणजे आप्तोपदेश, आणि आप्त तोच, जो रज-तमापासून मुक्त आहे. रागापोटी केलेली निंदा त्यात बसत नाही, तशी संकोचापोटी केलेली स्तुतीही बसत नाही.

मानहानीच्या भयाने पुष्कळ व्यवसायबंधू मौन बाळगतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये, पूर्वीच्या दंड संहितेप्रमाणेच, दुसऱ्याच्या हितरक्षणार्थ सद्भावनेने केलेल्या कथनास अपवाद आहे. अर्थात सांगोवांगीला तेथे थारा नाही. आम्ही आता दाखल्यात कालावधी, हुद्दा आणि प्रत्यक्ष केलेली कामे एवढेच लिहितो. कोणी विचारल्यास स्वतः पाहिलेले तेवढे सांगतो, आणि जे सांगणार ते जाणाऱ्यास आधी ऐकवतो. यात अवघडलेपण येते खरे.

विचारणाऱ्यानेही तारतम्य राखावयास हवे. एका तरुण वैद्यभगिनीने अर्जातच विनंती केली होती की, निवड होईपर्यंत सध्याच्या रुग्णालयात चौकशी करू नये. आमच्या एका परिचितांनी त्याच दुपारी तेथे दूरध्वनी केला. तिची हातची नोकरी गेली, नवी मिळाली नाही, आणि जुन्या मालकांनी दाखलाही अडवून ठेवला. दीड वर्षाची रात्रपाळी कागदावर कोठेच उरली नाही.

संघटनेने दाखल्याचा एक साधा नमुना सिद्ध करून या त्रैमासिकात छापावा, अशी आमची सूचना आहे. मसुदा आम्ही पाठवीत आहोत. त्यात 'निष्णात' हा शब्द नाही.