पानाला ठेका, शेंड्याला बेड्या

दोस्तांनो, या देशात झाडालासुद्धा वर्ण आहेत.

एकच झाड. पान वाटलं की भांग, दुधात घातलं की थंडाई, देवापुढं ठेवलं की प्रसाद. त्याच झाडाचा फुललेला शेंडा खुडून वाळवला की गांजा. म्हणजे गुन्हा! हे मी म्हणत नाही, १९८५ चा अंमली पदार्थविरोधी कायदा म्हणतो. त्याच्या व्याख्येत शेंडा आहे. सुटं पान आणि बी नाही. म्हणून काशीत सरकारी परवान्याच्या दुकानात भांग उघड मिळते.

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यात भांगही येते. पण होळीला बंगल्यांच्या गच्चीवर थंडाईचे ग्लास फिरतात, तिथं पोलिसांची गाडी थांबलेली मी कधी पाहिली नाही. ती थांबते आमच्या वस्तीच्या नाक्यावर. हमालाच्या, कचरा वेचणाऱ्या पोराच्या खिशात दहा ग्रॅमची पुडी सापडली की एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, नाहीतर दहा हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. आणि कायद्याच्याच भाषेत किलोपर्यंतचा गांजा म्हणजे 'अल्प प्रमाण'!

आता भांडवलदाराला या झाडात पैसा दिसलाय. २०१८ पासून उत्तराखंडात औद्योगिक लागवडीचे परवाने सुरू झाले. २०२१ मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्यानं बी आणि बियांचं तेल खाण्यात मंजूर केलं. बाटलीवर 'हेम्प' छापलं की झाड उद्योगपती होतं. पोराच्या खिशात ते आरोपीच राहतं.

मी नशेची वकिली करत नाही. पंचशील घेतलेल्या घरातला आहे. नशा वस्ती कशी पोखरते ते रोज बघतो. म्हणूनच विचारतो, तुरुंगानं कुणाची नशा सुटली? याच कायद्यात कलम ६४-अ आहे. अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेल्या व्यसनी माणसानं स्वखुशीनं सरकारमान्य केंद्रात उपचार घेतले, पुरे केले, तर त्या गुन्ह्याचा खटला त्याच्यावर चालत नाही. किती वस्त्यांत हे ठाऊक आहे? कोणता फौजदार सांगतो? दोस्तांनो, हे कलम पाठ करा, चाळीचाळीत सांगा, कोर्टात वकिलाला त्याची आठवण द्या.

आमची मागणी सरळ आहे. पुडीपायी तुरुंग बंद करा. वस्तीच्या दवाखान्यात व्यसनमुक्तीचे उपचार फुकट द्या. पुडीचे जुने खटले काढून टाका.

हे जमत नसेल तर कायदा गच्चीवरही चालवा. नाहीतर आमच्या नाक्यावरून गाडी हलवा!