रंगाच्या डब्याआधी पायाचा हिशेब

एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांतून रंगाच्या दुकानांकडे गर्दी सुरू होते. 14 एप्रिलच्या आत घर उजळले पाहिजे ही हौस आम्हालाही आहे, आणि ती वाईट नाही. पण मराठवाडा, विदर्भ, खानदेश या काळ्या मातीच्या मुलखात याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडत असते. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी वर गेलेली भेग उन्हाळ्यात सर्वांत रुंद होते. आपण तिच्यात पुट्टी भरतो, वरून रंग मारतो. पावसाळ्यात भेग मिटते आणि आपल्याला वाटते, काम झाले. पुढच्या उन्हाळ्यात ती त्याच जागी पुन्हा उघडते आणि आपण पुन्हा पुट्टी आणतो. वर्षाला 3,000 रुपये धरले तरी 5 वर्षांत 15,000 गेले, आणि दुखणे होते तेथेच राहिले. कारण ते भिंतीत नाही, जमिनीत आहे.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. शेतात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. तीच माती आपल्या घराखाली असते. आपल्या लोकांनी घरे बांधली ती पोटाला चिमटा घेऊन, त्यामुळे पाया दोन-अडीच फुटांवर आटोपलेला. म्हणजे नेमका मातीच्या हलत्या थरात. सगळे घर सारखे वरखाली झाले तर फारसे बिघडत नाही. बिघडते ते एक कोपरा ओला आणि बाकीचे कोरडे राहिले तर. आणि आपल्याकडे एक कोपरा बारमाही ओला असतोच. मोरी तेथे, भांडी घासायची जागा तेथे, हौद भिंतीला चिकटून, आणि पत्र्यावरचे पाणी पागोळ्यांनी थेट जोत्याशी पडते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की पायासाठी ठेवलेल्या पैशातला पहिला रुपया पाण्यावर खर्च करावा, मग एक पावसाळा आणि एक उन्हाळा वाट पाहावी, आणि खोदायचे की नाही ते नंतर ठरवावे. पुष्कळ घरांत पाणी तोडले की भेग वाढायची थांबते आणि खोदाईचा मोठा खर्च वाचतो. मात्र भिंत ओळंब्यातून सुटलेली दिसली किंवा भेगेत बोट जाऊ लागले तर वाट पाहण्यात अर्थ नाही. त्या भिंतीजवळचे अंथरूण त्याच दिवशी हलवावे, टेकू लावावेत आणि अभियंत्याला बोलवावे.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ नगरपालिकेतून सफाई कामगार म्हणून निवृत्त झाले. फंडातील 80,000 रुपये त्यांनी घरासाठी बाजूला काढले. मुलाचे म्हणणे, वर एक खोली काढू, भाडे येईल. गवंडीही तयार. आम्ही कारकून माणूस, आम्हाला बोलावले ते कर्जाचा अर्ज भरायला, कारण 80,000 मध्ये खोली होणार नव्हती. घर पाहिले तर मागच्या खोलीच्या भेगेत रुपयाचे नाणे आडवे बसत होते. खरी गोष्ट सांगितली ती त्यांच्या पत्नीने. फरशी पुसताना पाणी पूर्वी दाराकडे जायचे, दोन वर्षांपासून मोरीच्या कोपऱ्याकडे धावते, असे त्या म्हणाल्या. हे त्यांनी घरात अनेकदा सांगितले होते. ऐकले कोणी नव्हते. पाया खचल्याचा एवढा स्वच्छ पुरावा दुसरा कोणता? तो घरातल्या बाईलाच आधी कळतो, कारण रोज फरशी तीच पुसते.

कर्जाचा अर्ज आम्ही तसाच घडी करून ठेवला आणि वहीचे एक पान घेतले. ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी ते पान येथे देतो. दर गावागणिक वेगळे, तेव्हा आकड्यांपेक्षा वाटणी पाहावी. अभियंत्याची फी 3,000. मोरीची नवी पाइपलाइन, पत्र्याला पन्हळ आणि घराभोवती 3 फूट रुंदीची काळी माती काढून मुरूम भरून केलेला कोबा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, 22,000. खचलेल्या कोपऱ्याखाली खोदून पाया खोल नेण्यासाठी 30,000. भेगा शिवणे आणि गिलावा 9,000. आणि 16,000 हात न लावता शिल्लक. रंगाला या पानावर जागा नव्हती. त्यावरून घरात थोडी कुरबूर झाली, ती होणारच.

फी देणे आपल्या लोकांना जिवावर येते. गवंडी फुकट सांगतो, मग अभियंता कशाला? पण गवंड्याने सगळी मागची भिंत खोदायला सांगितली होती. अभियंत्याने भेगेवर सिमेंटने काचेची पट्टी चिकटवली, भेगेच्या टोकाला पेन्सिलीने तारीख लिहिली, आणि पाण्याचे काम उरकून पुढच्या उन्हाळ्यात बोलवा म्हणाला. काच तडकली तर भेग चालू आहे, न तडकली तर थांबली. अशा दोन पट्ट्या होत्या. खिडकीजवळची वर्षभर शाबूत राहिली, मोरीच्या कोपऱ्यातली तडकली. म्हणजे खोदायचे ते फक्त एक कोपरा. 3,000 रुपयांनी किती वाचवले याचा हिशेब वाचकांनीच करावा.

खोदाईचा अंदाज घरच्या घरी काढता येतो. कोपऱ्याच्या दोन्ही बाजू 5-5 फूट, म्हणजे लांबी 10 फूट. रुंदी 3 फूट. खोली 5 फूट. गुणाकार 150 घनफूट, आणि 100 घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे दीड ब्रास. हा आकडा हाती असला की गवंड्याशी बोलणे सोपे जाते. हे काम गुत्त्याने देऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. जे मातीखाली झाकले जाते ते गुत्त्यात उथळच राहते. माणूस वाईट असतो म्हणून नव्हे, तर त्याचा नफाच न खोदलेल्या मातीत असतो म्हणून. द्यायचेच तर मापावर द्यावे, आणि खड्डा बुजवण्यापूर्वी घरच्या माणसाने टेप लावून मोजावा, मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

दुसरे, भिंतीखालची माती एकदम सगळी काढू देऊ नये. तीन-चार फुटांचा एक तुकडा खोदायचा, तो बांधून पक्का होऊ द्यायचा, मग मधला तुकडा सोडून पलीकडचा घ्यायचा. यात दिवस जास्त लागतात, मजुरी वाढते, आणि गवंडी म्हणतो की दोन दिवसांत उरकून देतो. दोन दिवसांत उरकले तर भिंत अंगावर येण्याची भीती असते. ही वाढीव मजुरी आधीच हिशेबात धरावी. भिंत सामाईक असेल तर शेजाऱ्याला आधी सांगावे, शक्य तर लिहून द्यावे. आपल्या वस्त्यांत बहुतेक भिंती सामाईकच असतात.

त्या शिलकीचे काय झाले तेही सांगतो. पाच फूट खोदल्यावर खाली जुना शोषखड्डा निघाला, कोणी तरी केरकचऱ्याने बुजवलेला. घट्ट जमीन लागेपर्यंत 7 फूट जावे लागले. दीड ब्रासाचे काम 2 ब्रासांच्या वर गेले आणि 16,000 पैकी 9,000 तेथे उठले. जमिनीखाली काय आहे हे खोदल्याशिवाय कळत नाही, म्हणून या कामात निदान पाचवा हिस्सा राखून ठेवावाच लागतो. तो नसता तर काम उघड्या खड्ड्यावर थांबले असते आणि ते गृहस्थ सावकाराच्या दारात उभे राहिले असते.

कर्ज घ्यावेच लागले तर दोन गोष्टी पाहाव्यात. सावकाराचा ‘शेकडा 5’ हा महिन्याचा असतो. 50,000 वर महिन्याला 2,500, वर्षाला 30,000 व्याजच, मुद्दल जागेवर. बचत गटाचा शेकडा 2 असला तरी वर्षाला 24 टक्के होतात, पण तेथे हप्त्याबरोबर मुद्दल उतरत जाते आणि व्याज गटातच राहते. दुसरे, काही ठिकाणी ‘फक्त 12 टक्के’ सांगतात पण व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवर लावतात. 60,000 रुपये 2 वर्षांसाठी असे घेतले तर व्याज 14,400 आणि हप्ता 3,100 बसतो. कमी होत जाणाऱ्या शिलकीवर काढले तर तो दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. सही करण्यापूर्वी ‘व्याज घटत्या शिलकीवर आहे का’ एवढा एक प्रश्न विचारावा. नोकरीत असणाऱ्यांनी आधी आपल्या पगारदार पतसंस्थेत आणि भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयात चौकशी करावी. घराच्या कामासाठी निधीतून पैसे काढण्याची सोय आहे. जागेचे कागद नीट नसले की बँक दारात उभी करत नाही, हे मात्र आपल्या अनेक वस्त्यांचे जुने दुखणे आहे. त्यावर एक स्वतंत्र लेख लिहावा लागेल.

जाता जाता एक. श्रद्धेने लावलेले पिंपळाचे रोप जोत्यापासून चार हातांवर असेल तर ते लहान आहे तोवर विहाराच्या मोकळ्या जागेत हलवावे. पिंपळाची मुळे मातीतले पाणी ओढतात आणि भिंतीची फट सोडत नाहीत.

त्या गृहस्थांचा मुलगा परवा भेटला. वरची खोली कधी काढायची, हा त्याचा प्रश्न कायम आहे. अभियंत्याने त्याला सांगितले आहे की काचेची नवी पट्टी दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे न तडकता राहिली तर मला बोलाव, मग जुना पाया वरचे वजन पेलेल का ते पाहू. पट्टीवरची तारीख त्याच्या आईने लिहिली आहे.